मागच्या सीटचा कायदा

ताराबाई चाळ, लालबाग
११ मे २०२५

चि. विनीत,

आशीर्वाद. तू यापुढे पत्र लिहिणार म्हणालास ते बरं. खोलीत रेंज नाही म्हणून फोन मी गॅलरीत घेतो, आणि गॅलरीत बोललेलं तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. मागे तू पोट बिघडलंय म्हणालास, तर चार दिवस अख्खी चाळ मला ओवा आणून देत होती. पोट तुझं, ओवा मला.

आता कामाचं. तुझी मोटारसायकल नऊ महिने जिन्याखाली उभी आहे. मंडळाची पोरं तिच्यावर बसून कॅरम बघतात. विमा फेब्रुवारीत संपला, पीयूसी त्याच्याही आधी. आता सरकारने नव्या नंबरप्लेटची सक्ती केली आहे, जूनअखेर मुदत. गाडी तुझ्या नावावर, म्हणजे मला विकताही येत नाही. शिवडीच्या गोदामात मी चौतीस वर्षं काढली, गेटपासशिवाय सुतळीचा तोडा बाहेर जाऊ दिला नाही. आणि माझ्याच जिन्याखाली ही बेकायदा वस्तू. येता-जाता डोळ्यांत खुपते.

काय करू ते कळव. वेळेवर जेव.

बाबा


गुशैणी, जि. कुल्लू
२६ मे

बाबा,

पाया पडतो. शिरसाष्टांग वगैरे सगळं समजून घ्या, शाळेत शिकवलेलं तेवढं पाठ नाही राहिलं.

मी मजेत. या होमस्टेचं किचन आता माझ्याकडे आहे. मालकाला वाटतं मुंबईच्या माणसाला सगळं बनवता येतं, म्हणून मी पण तसंच चालू ठेवलंय. परवा ट्राउट माशाचं तिकलं केलं, आपल्यासारखं, तिरफळं टाकून. दिल्लीच्या दोघी जणी ताट चाटायच्या बाकी होत्या. इथे एक कुत्रा आहे, त्याचं नाव सरपंच. त्याला उठवल्याशिवाय पूल ओलांडता येत नाही, कारण तो मधोमध झोपतो आणि पूल आहे दोन फुटांचा. तर त्या दिवशी काय झालं, एक खेचरवाला आला... जाऊ दे, ते नंतर.

गाडीचं विचारलंत ना. टेन्शन घेऊ नका. वडाळ्याला प्लेट लावणारं सेंटर आहे म्हणे, कोणाला तरी घेऊन जायला सांगा. नाहीतर एक करा. तुम्हीच चालवा! खरंच सांगतो. रिटायर झालात, दिवसभर गॅलरीत उभं राहून लोकांच्या छत्र्या मोजता. जिन्याखाली गाडी आहे, अंगात दम आहे. आई असती तर तिने पहिला धक्का मारला असता.

इथे संध्याकाळी नदीचा आवाज एवढा असतो की

(शाई संपली होती. आता पोस्टमनच्या पेनाने लिहितोय आणि तो घाई करतोय.)

विनू


लालबाग
१८ जून

चि. विनीत,

आशीर्वाद. नंबरप्लेट लागली. कशी लागली ते मीच लिहितो, नाहीतर चाळीकडून तुला वेगळंच कळेल.

वडाळ्याची वेळ मिळाली साडेअकराची. पोरं म्हणाली, काका, आम्ही नेतो. म्हटलं, विमा नाही, कुणाला उडवलंत तर? मला तर लायसनच नाही. म्हणून सकाळी नऊला मी गाडी ढकलत निघालो. ढकलायला लायसन लागत नाही. मी आदल्या दिवशी ताडदेवच्या आरटीओत जाऊन विचारून आलो होतो. खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, पण उत्तर दिलं.

काळाचौकी ठीक गेली. शिवडी नाक्याच्या पुढे दम लागला. तेवढ्यात एक बाई स्कूटर घेऊन शेजारी थांबली.

"काय ओ, पेट्रोल संपला?"

"नाही."

"पंक्चर?"

"नाही."

"मग हिचा हात धरून खंय निघाल्यात?"

मी सांगितलं, लायसन नाही. ती म्हणाली, माझ्याकडे गियरच्या गाडीचं आहे, बाजूला व्हा, चालू होते का बघते. म्हटलं, विमा नाही. तिने हँडलवरचा हात काढला.

"पीयूसी?"

"तीही नाही."

"मग मी पण नाय बसणार."

असं म्हणून तिने स्कूटर कडेला लावली, कुलूप घातलं आणि मागून ढकलायला लागली. पुढच्या सिग्नलपर्यंत. मग म्हणाली, माझ्या पेटीत लोकांची रक्तं आहेत, ती तापली तर साहेब माझं रक्त पितील. परळच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन ती नमुने गोळा करते. जाताना म्हणाली, "तुमच्या वयाची माणसं आमच्याकडे गुडघे धरून येतात. तुम्ही गाडी ढकलताय. मग चालवायला काय झालं?"

हे मनाला लागलं. विमा काढला. बॅटरी नवी घातली, पीयूसी करून घेतली. चाळिशी उलटलेल्याला डॉक्टरचा दाखला लागतो, तोही आणला. डॉक्टर म्हणाला, काका, लाल-हिरवा ओळखता येतो ना? म्हटलं, मला येतो, रस्त्यावरच्या बाकीच्यांना विचारा. लेखी परीक्षेत पंधरापैकी पंधरा. दहा जूनला शिकाऊ परवाना मिळाला. नऊ डिसेंबरपर्यंत चालेल.

शिकवायचीही सोय झाली आहे. काळजी नको.

बाबा


गुशैणी
९ जुलै

बाबा!!

मी अंडी आणायला बंजारला गेलो होतो. बंजारला फोनला रेंज येते. खिशात टुण टुण टुण. बघतो तर काय, माझ्या नावाने चलान! २ जुलै, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं, परळचा सिग्नल, पांढरी रेघ ओलांडली. मला वाटलं फसवाफसवीचा मेसेज असणार. इथल्या एकाला तसाच आलेला आणि त्याच्या बायकोच्या खात्यातून... ते जाऊ दे.

फोटो उघडला. गाडी माझी. प्लेट नवी. पुढे लाल L. आणि चालवणारा माणूस असा ताठ बसलेला, जसा काही राष्ट्रगीत चालू आहे. हेल्मेटमध्ये तोंड दिसत नव्हतं पण शर्टाची इस्त्री बघून ओळखलं. मागे एक बाई, हेल्मेट घातलेली, मांडीवर पेटी.

बाबा, तुम्ही बाइक टॅक्सी सुरू केलीत? अहो, पांढऱ्या प्लेटवर भाड्याचा पॅसेंजर चालत नाही! आणि शिकाऊ परवान्यावर तर कोणालाच मागे बसवता येत नाही. पकडलं तर गाडी जाईल, आणि मालक मी. पेन्शन कमी पडतेय का? खरं सांगा. मी इकडून पाठवतो. फार नाही पण पाठवतो.

अंडी त्या नादात दुकानातच राहिली. मालक चिडला. रात्री सगळ्यांना राजमा.

विनू

ता.क. रेघ ओलांडलीत कशी पण? तुम्ही?


लालबाग
३० जुलै

चि. विनीत,

आशीर्वाद देतो, पण तुझं पत्र वाचून संताप झाला. बाइक टॅक्सी! मी!

नियम अर्धा वाचू नये. शिकाऊ माणसाने मागे कुणालाही बसवायचं नाही हे खरं, पण एक माणूस सोडून. त्याच वर्गाच्या गाडीचं पक्कं लायसन असलेला शिकवणारा. तो बसू शकतो. नव्हे, बसलाच पाहिजे, नाहीतर मला रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. त्यांना घ्यायला जाताना आणि सोडून परत येताना मी ती ढकलतोच. मागे बसलेल्या त्या बेबीताई मेस्त्री. ज्यांनी गाडी ढकलली त्याच. त्यांचं लायसन तेवीस वर्षांचं आहे. यजमान गेल्यावर त्यांची गाडी यांनी चालवायला घेतली आणि त्याच बळावर लॅबची नोकरी मिळवली. राहतात काळाचौकीला. लॅबची स्कूटर लॅबमध्येच ठेवावी लागते, म्हणून संध्याकाळी सुटल्यावर परळहून घरापर्यंत त्या मला शिकवत येतात. कधी शिवडीवरून.

शिवडी वाटेत नाही हे मला माहीत आहे. तिथे रस्ता रुंद आहे.

रेघेचं म्हणशील तर बेबीताई काहीतरी सांगत होत्या. वाडीतल्या कुणाच्यातरी लग्नात नवरदेवाचे दात कसे विहिरीत पडले ते. हसताना ब्रेक उशिरा लागला. चूक माझी. दंड भरून टाकला आहे.

पंचवीस तारखेला पक्क्या लायसनची परीक्षा होती. आठच्या आकड्यात पाय टेकला. नापास.

आणखी एक. कपाटात तुझं लायसन शोधलं, सापडलं नाही. कुठे ठेवलं आहेस?

बाबा


गुशैणी
२४ ऑगस्ट

बाबा,

सॉरी, सॉरी, सॉरी. टॅक्सीचे शब्द मागे घेतले.

उशीर झाला कारण सफरचंद चालू आहेत. दिवसभर झाडावर. इथे एक म्हातारी आहे, ती हात न लावता नुसतं बघून सांगते कुठलं आजचं आणि कुठलं उद्याचं. मी चार दिवस शिकायचा प्रयत्न केला, माझी सगळी परवाची निघाली. सरपंच सफरचंद खातो. कुत्रा! साल काढून द्यावी लागते.

आठचा आकडा सोपा आहे हो. जमिनीकडे बघायचं नाही. जिथे जायचंय तिथे बघायचं. क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि घाबरून एकदम सोडायचं नाही काही. पण तुम्ही एवढी प्रॅक्टिस केल्यावर पाय टेकलात? रोज परळ ते काळाचौकी, व्हाया शिवडी?

बेबीताईंना माझा नमस्कार. त्या दातांचं पुढे काय झालं? विहिरीतून काढले का?

गणपतीला येता येत नाही. रागावू नका. माझ्या वाटणीचा मोदक कोणाला देणार ते मी ओळखलंय.

विनू


लालबाग
१४ सप्टेंबर

चि. विनीत,

आशीर्वाद. गणपती झाले. ते अकरा दिवस लालबागमध्ये आपल्याच दारात पायी चालायची मारामार, गाडीचं नावच नको. शिकवणी बंद होती. बेबीताई एकदा दर्शनाला आल्या होत्या, तेव्हा खोलीवर येऊन गेल्या. मोदक त्यांनी तीन खाल्ले. पोह्यांत त्यांना शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून मी वेगळे केले होते. आईच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या, हार सरळ केला. चाळीतल्या रमाबाईंनी दारातून विचारलं, पाहुण्या कोण? मी म्हटलं, आरटीओच्या कामाच्या आहेत. बेबीताई चपला घालायला लागल्या.

दात निघाले. बादलीत आले. नवरदेवाने तेच धुऊन घातले.

अकरा तारखेला परत परीक्षा दिली. आठ नीट आला. वळताना हात दाखवायचा विसरलो. नापास.

लायसनचं तू उत्तर दिलं नाहीस. मी सफरचंदाबद्दल विचारलं नव्हतं.

बाबा


गुशैणी
१ ऑक्टोबर

बाबा,

बसून वाचा.

माझं लायसन कपाटात नाही, कारण ते कुठेच नाही. मला लायसनच नाही. २०१८ साली शिकाऊ काढलं होतं, ते सहा महिन्यांनी संपलं. परीक्षेच्या दिवशी मी निघालो होतो हो, शप्पथ. पण वाटेत मंडळातला राजेश भेटला, तो रे रोडला चालला होता. तिथे एक माणूस जुन्या जहाजाच्या लाकडापासून कॅरम बोर्ड बनवतो, म्हटलं पाच मिनिटं बघू. संध्याकाळी सहाला बाहेर आलो. मग पुढची तारीख घेऊ, घेऊ करत सहा वर्षं गाडी चालवली. पोलीस दिसला की गल्लीत. लालबागच्या सगळ्या गल्ल्या मला त्याच्यामुळे पाठ आहेत.

इकडे येताना गाडी का नाही आणली विचारत होतात ना? मी म्हटलं, ट्रकमधून जग चांगलं दिसतं. दिसतंही. पण खरं कारण हे. परराज्यात कोणी अडवलं तर गल्ली कुठून आणू?

गोदामातल्या गुणाजी धुरीचा मुलगा, बिनगेटपासचा. घ्या, सांगून टाकलं. हलकं वाटलं.

आता तुमची पाळी.

जो माणूस फुटपाथवरून चालताना पण वळायच्या आधी हात दाखवतो (मी शाळेत असताना तुमच्यामागून दहा पावलं लांब चालायचो ते ह्याच्यामुळे), तो परीक्षेत हात दाखवायला विसरतो? पंधरापैकी पंधरा काढणारा? बाबा, मी बिनशिकलेला आहे, बिनडोक नाही. तुम्ही मुद्दाम नापास होताय. पक्कं लायसन मिळालं की मागे शिकवणारी लागत नाही. आणि तुम्हाला ती लागते.

झोल मी केला ते मी लिहिलं. तुम्ही पण लिहा. इथे ओवा आणून द्यायला कोणी नाही.

विनू


लालबाग
१९ ऑक्टोबर

विनीत,

आधी रागावणं. सहा वर्षं! कुणी गाडीखाली आलं असतं तर विमा कंपनीने हात वर केले असते, आणि त्याच्या घरच्यांनी काय करायचं होतं? पाच मिनिटं कॅरम बोर्ड बघायला? झालं. रागावून झालं. तू आपणहून सांगितलंस, हे कपाटातल्या लायसनपेक्षा मला जास्त वाटलं. पण आल्याबरोबर शिकाऊ काढायचं. त्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

आता माझं.

पहिल्या वेळी पाय घसरला असं मी स्वतःलाच सांगत होतो. दुसऱ्या वेळी वळणावर हात उचलला होता. अर्ध्यावर आला, आणि मनात आलं, झालं आता. उद्यापासून परळला थांबायचं काही कारण राहणार नाही. हात खाली घेतला. तपासणाऱ्या साहेबांनी सुद्धा मान हलवली, म्हातारा बरा चालवत होता म्हणून.

तुला हसू येईल. पण मला कुणाकडे कारणाशिवाय जायची सवय नाही. गोदामात असताना प्रत्येक गोष्टीला कागद होता. नियमाप्रमाणे ती बाई माझ्या मागे बसलीच पाहिजे, यात मला विचारावं लागत नव्हतं आणि तिला नाही म्हणावं लागत नव्हतं. तुझी आई गेल्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी संध्याकाळी सहा वाजता कुणाची वाट बघितली नव्हती.

नऊ डिसेंबरला परवाना संपतो. परीक्षा एकदाच देता येईल. तिसऱ्यांदा नापास झालो तर साठ दिवस थांबावं लागतं, तोवर परवाना गेलेला असेल. नवीन शिकाऊ काढता येतं, ते मी विचारून ठेवलं आहे. म्हणजे अजून सहा महिने.

हे पत्र फाडून टाक.

बाबा


गुशैणी
४ नोव्हेंबर

बाबा,

फाडणार नाही. सरपंचाला वाचून दाखवलं. तो झोपला, पण ऐकून.

परत शिकाऊ काढायचा विचार एकदम बाद. किती दिवस चालवणार? सत्तर वर्षांचे व्हाल आणि पुढे L. तिला कळलं तर काय वाटेल? पाच महिने तिने कामावरून सुटल्यावर दमलेलं असताना तुमच्यासाठी मागे बसून काढले. तिला वाटत असेल, आपल्यालाच शिकवता येत नाही.

आणि माझा स्वार्थ पण आहे. मी जानेवारीत येतोय, इथे बर्फ पडला की काम बंद. शिकाऊ काढलं की माझ्या मागे पक्क्या लायसनवालं कोणीतरी बसायला पाहिजे. मला तुम्ही पाहिजे. राजेश नको, त्याच्याबरोबर निघालो की मी कुठे पोचतो ते तुम्हाला माहीतच आहे.

विचारा बाबा तिला. नाही म्हणाली तर नाही. मी कोण सांगणार म्हणा, मी आजपर्यंत कोणाला काही सरळ विचारलेलं नाही, एका ठिकाणी तेवढा वेळ थांबलोच नाही. म्हणून तर माझं ऐका.

विनू


लालबाग
७ डिसेंबर

चि. विनीत,

अनेक आशीर्वाद. चार तारखेला पास झालो.

सकाळी बेबीताई अर्धी रजा काढून परळला थांबल्या होत्या. ताडदेवला पोचलो. गाडी लावली. मग हेल्मेट काढून म्हणाल्या, "एक सांगू? आत परीक्षा चालते ती बाहेर जाळीतून दिसते. दोन्ही वेळा बघितलंय मी. पहिल्या वेळी पाय घसरला नव्हता. दुसऱ्या वेळी तर हात वर येऊन परत खाली गेला, मच्छर हाकलल्यासारखा."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मला वाटलेलं, सांगतील कधीतरी. पण तुम्ही काय, कुणी आलं की आरटीओच्या कामाच्या आहेत! ऐका, नियम म्हणून बसायचा मला कंटाळा आला आता. आज पास व्हा. नाय झालात तर दुसरी मास्तरीण बघा."

मग काय करणार. आठ काढला. हात इतका लांब दाखवला की साहेब म्हणाले, आजोबा, विमान उतरवताय काय? पास म्हणून शिक्का पडला.

बाहेर आलो तर त्यांनी पुढचा L नखाने सोलून काढला. मागचाही काढला. दोन्हींची गोळी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "झालं माझं काम," म्हणाल्या. समोरून परळची बस आली, तिच्यात बसून गेल्या.

मी घरी आलो. भात लावला, तो बघत बसलो, खाल्ला नाही. पाच वाजता शर्टाला इस्त्री केली. दुसरं हेल्मेट घेतलं आणि परळला गेलो.

बसस्टॉपवर गाडी थांबवायला मनाई आहे, म्हणून तीसेक पावलं पुढे जाऊन थांबलो. त्या बाहेर आल्या. बरोबर लॅबमधल्या तिघी-चौघी. स्टॉपवर उभ्या राहिल्या, तोंड बस येते त्या बाजूला. मी मागे. हॉर्न मारावा तर डोक्यावरच पाटी, हॉस्पिटल, शांतता क्षेत्र. अंगठा बटणावर होता, काढून घेतला. "बेबीताई" म्हटलं, ट्रकच्या आवाजात गेलं. "मेस्त्री बाई" म्हटलं, दुसरीच कुणीतरी वळली. लांबून बस येताना दिसली. मग विनीत, मी गाडी स्टँडला लावली, उभा राहिलो आणि ओरडलो. "बेबी!"

सगळा स्टॉप वळला. केळीवाला सुद्धा.

त्या चालत आल्या. तोंड लाल. "अख्ख्या परळाक नाव सांगितलात. आता?"

म्हटलं, हॉर्नला बंदी आहे.

"ते समाजला. आता काय?"

मी हेल्मेट पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. "मी आता काय म्हणून बसू? शिकवणी तर संपली."

"कायद्याचं आता काही म्हणणं नाही."

"कायद्याचा ऱ्हवांदे. तुमचा काय म्हणणा?"

मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. जे होतं ते बोललो. म्हटलं, सकाळी ताडदेवहून एकटा आलो. गाडी फार हलकी लागली. मला आवडली नाही.

बस आली, थांबली, गेली. त्या बसकडे बघत होत्या. मग त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला, तो नीट लागला का ते स्वतःच ओढून बघितलं आणि बसल्या. "शिवडीक चला," म्हणाल्या. "आणि तिसऱ्या गियरमध्ये घाला जरा. सहा महिने बैलगाडीत बसलंय."

शिवडीच्या जेट्टीवर गेलो. रोहित पक्षी अजून आलेले नव्हते. ओहोटी होती, नुसता चिखल. उरलासुरला उजेड जाईपर्यंत आम्ही तोच बघत बसलो.

बाबा